लोगो म्हणजे माटोळी नव्हे! गर्दी झालेलं चिन्ह सोपं कसं करायचं?

चतुर्थीला माटोळी बांधताना कुणी हात आखडता घेत नाही. नारळ, सुपारीचे घड, कांगलां, चिबूड, रानात मिळतील तेवढी फळं-पानं, सगळं टांगायचं. जितकी भरगच्च, तितकी शोभा. पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा हाच हिशेब आपण धंद्याच्या लोगोला लावतो.

पेडणे तालुक्यातलं इब्रामपूर दोडामार्गाच्या हद्दीला लागून आहे. या टापूत काजू म्हणजे हातात रोख पैसा देणारं पीक. कच्ची बी व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा भाजून, सोलून, काजूगर पाकिटात भरून विकले तर दोन पैसे जास्त सुटतात. म्हणून घरगुती युनिटं उभी राहतात, बचत गटातल्या बायका एकत्र येतात. माल तयार होतो, पाकीट येतं आणि मग प्रश्न येतो: वर छापायचं काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, इब्रामपुरातल्या एका काजू युनिटने लोगो करून घेतला. त्यात काजूचं झाड, झाडाला बोंडू, खाली काजूगरांचा ढीग, बाजूने वाहणारी नदी, डोंगरामागून उगवणारा सूर्य, देवळापुढची दीपमाळ, धंदा सुरू करणाऱ्या आजोबांचा फोटो, मराठीत नाव, इंग्रजीत नाव, स्थापनेचं साल, ‘शुद्धतेची हमी’ हे वाक्य आणि सगळ्याभोवती नक्षीदार गोल. मोजलं तर बारा गोष्टी. डीटीपीवाल्याच्या मोठ्या स्क्रीनवर हे झकास दिसतं. पण शंभर ग्रॅमच्या पाकिटावर तो गोल दोन-अडीच सेंटीमीटरचा होतो आणि बारा गोष्टींचा मिळून एक डाग उरतो.

यात कुणाची हौस चुकीची नाही. प्रत्येक गोष्टीमागे माया आहे, अभिमान आहे. पण लोगोचं काम आपली सगळी कथा सांगणं हे नाही. एकदा माल घेतलेल्या गिऱ्हाईकाने पुढच्या वेळी दहा पाकिटांत आपलं पाकीट ओळखावं, एवढंच त्याचं काम. कथा सांगायला पाकिटाची मागची बाजू मोकळीच असते.

निवडणुकीची निशाणी आठवा

साधं चिन्ह किती काम करतं हे आपण दर निवडणुकीत बघतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून उमेदवाराच्या नावापेक्षा निशाणीवर भर दिला गेला. मतपेट्यासुद्धा उमेदवारागणिक वेगळ्या आणि प्रत्येक पेटीवर निशाणी. आजही पंचायतीच्या निवडणुकीत कपबशी, शिट्टी, पंखा, रिक्षा अशी चित्रं असतात. काळ्या रेषांत काढलेली, रंग नाही, सजावट नाही. तरी आजीला चष्म्याशिवाय ती कळतात. ‘कपबशी’ म्हटलं की झालं.

हीच पहिली कसोटी: तुमचा लोगो फोनवरून एका शब्दात सांगता येतो का? ‘बोंडूवाले’, ‘घोडा छाप’, ‘कंदीलवाले’ असं गिऱ्हाईक म्हणू शकलं, तर लोगो चालला. ‘त्या गोलात झाड आहे ना, आणि बाजूला नदी, आणि वर कुणाचा तरी फोटो’ असं सांगावं लागलं, तर तो दुकानदाराच्या ध्यानात राहणार नाही.

दुसरं उदाहरण प्रत्येक खाद्यपदार्थाच्या पाकिटावरच आहे. शाकाहाराचा हिरवा टिपका. चौकोनात एक भरीव गोल, बस्स. लहान पाकिटावर त्या गोलाचा व्यास ३ मिलिमीटर असला तरी नियमात बसतो आणि तरीही तो ओळखू येतो. कारण त्यात काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नाही.

मोठ्यांनाही छाटणी करावी लागली

आपल्याला वाटतं की मोठ्या कंपन्यांचे लोगो पहिल्यापासून सुटसुटीत असतात. तसं नाही.

स्टेट बँकेचं निळं वर्तुळ बघा. खाली एक छोटी खाच असलेला तो गोल पेडण्यापासून बेळगावापर्यंत कुणीही ओळखेल. पण १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा तिचं चिन्ह वडाचं झाड होतं. फांद्या, पारंब्या असलेलं. १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेलं नवं चिन्ह आलं. वड गेला आणि कुलपाच्या भोकाची आठवण करून देणारा गोल आला. पैसा, कुलूप, भरवसा, एवढं एका आकारात बसलं. २०१७ मध्ये सहयोगी बँका विलीन झाल्या, नाव लिहिण्याची पद्धत बदलली, पण गोल तोच राहिला.

ॲपल कंपनीची गोष्टही अशीच. १९७६ चा पहिला लोगो रोनाल्ड वेन यांनी काढला होता. झाडाखाली बसलेला न्यूटन, डोक्यावर लटकणारं सफरचंद, भोवती चौकट आणि चौकटीवर कवितेची ओळ. जुन्या पुस्तकातलं चित्रच. वर्षभरात, १९७७ मध्ये, रॉब जॅनॉफ यांनी त्या जागी फक्त सफरचंद आणलं आणि त्याचा एक घास काढला. घास कशाला? लहान आकारात ते चेरीसारखं दिसू नये म्हणून. या एका घासात आपल्या कामाचा धडा आहे: वस्तू कमी करायच्या, पण उरलेली वस्तू दुसरीच वाटू नये याची काळजी घ्यायची.

आणि परंपरा सोडावी लागते असंही नाही. बँक ऑफ महाराष्ट्रचं चिन्ह दीपमाळच आहे. पण देवळापुढच्या दगडी दीपमाळेचा फोटो तिथे नाही. थोडक्या आकारांत बसवलेली दीपमाळ आहे. दगडाचा पोत गेला, प्रत्येक पणतीची ज्योत गेली, तरी दीपमाळ कळते.

गर्दीचा लोगो नेमका कुठे अडतो?

सुंदर-कुरूप हा वाद बाजूला ठेवू. गर्दीचा लोगो खिशाला महाग पडतो.

पाकीट आणि स्टिकर: बहुतेक लहान युनिटं साध्या पाऊचवर स्टिकर चिकटवतात. धंदा वाढला की पाऊच छापून घ्यावे लागतात. मोठ्या संख्येच्या ग्रॅव्हिअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो. म्हणजे रंग जितके, तितका सुरुवातीचा खर्च. पाच रंगांचा सूर्यास्त इथे अंगावर येतो.

कापडी पिशवी आणि टी-शर्ट: स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी स्क्रीन. बारीक रेषांमध्ये शाई पसरते आणि नक्षी बुजते. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा साध्या स्क्रीनने नीट येत नाही.

रबरी शिक्का: पावतीवर, खोक्यावर मारायचा शिक्का एकाच रंगाचा असतो. आजोबांच्या फोटोचा शिक्क्यात काळा ठिपका होतो.

मोबाईल: व्हॉट्सॲपच्या यादीत तुमचा लोगो नखाएवढ्या गोलात दिसतो. आज पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आधी त्या गोलालाच भेटतं.

मोपाच्या मनोहर विमानतळाचं ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि पेडण्याचं दार परमुलखाला उघडलं. गावच्या तिठ्यावर गिऱ्हाईक माणूस बघून माल घेतं. तिथे लोगो नसला तरी चालतं. बाहेरच्या दुकानात किंवा कुरिअरने गेलेल्या खोक्यावर आपण सोबत नसतो. तिथे ओळख सांगायला फक्त ते चिन्ह असतं. ते वाचताच आलं नाही, तर चांगला माल घेऊनही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आपल्यापर्यंत पोचत नाही.

छाटणी कशी करायची?

यासाठी संगणक नको. कागद, पेन्सिल आणि घरातली चार माणसं पुरेत.

१. आधी यादी करा. लोगोत काय काय आहे ते एकाखाली एक लिहा. पुष्कळांना आपल्या लोगोत किती गोष्टी आहेत हे यादी केल्यावरच समजतं.

२. प्रत्येक गोष्टीपुढे एक प्रश्न: हे काढलं तर गिऱ्हाईक आपल्याला ओळखणार नाही का? घरच्यांना विचारू नका, दुकानदाराला विचारा. तो पाकीट मागताना काय म्हणतो ते ऐका. तो ज्या शब्दाने मागतो, ते ठेवा.

३. एकच गोष्ट दोनदा सांगितली असेल, तर एक काढा. झाड, बोंडू आणि काजूगर तिघंही ‘काजू’ एवढंच सांगतात. त्यातलं एक पुरे.

४. उरलेल्याचं नुसतं सावलीचं चित्र काढा. आत रेषा नाहीत, पूर्ण काळं भरलेलं. सावलीवरून वस्तू कळली पाहिजे. बोंडूला इथे फायदा आहे: फळाच्या खाली, बाहेर लटकलेली बी. अशी ठेवण दुसऱ्या फळाला सहसा नसते.

५. मग त्यात स्वतःचं काहीतरी आणा. काजूचं चित्र म्हापशाच्या बाजारात जिकडेतिकडे दिसेल. तुमच्या बोंडूची बी कुठल्या बाजूला वळते, पान किती, नाव त्याच्याशी कसं जोडलंय, यावरून तो तुमचा ठरतो. अशी खूण एकच ठेवा. तीन ठेवल्या की पुन्हा गर्दी.

६. तीन परीक्षा घ्या. एक सेंटीमीटर रुंदीत, काळ्या रंगात छापून बघा. त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. शेवटी अनोळखी माणसाला पाच सेकंद दाखवून कागद बाजूला करा आणि आठवतंय ते काढायला सांगा. वेडंवाकडं का होईना, त्याने बोंडू काढला तर पास.

आपल्या काल्पनिक युनिटचं काय होईल? बारापैकी दोनच गोष्टी राहतील: एक भरीव बोंडू आणि मराठीत ठळक नाव. इंग्रजी नाव पाकिटावर खाली, वेगळ्या ओळीत. नदी आणि डोंगर हवेच असतील तर पाकिटाच्या मागच्या चित्रात. साल तळाला बारीक अक्षरांत. ‘शुद्धतेची हमी’ पूर्ण रजा. ती हमी मालाने द्यायची असते.

देव आणि आजोबा: इथेच हात थांबतो

झाड काढायला कुणी भांडत नाही. वाद होतो तो ग्रामदेवतेच्या चित्रावरून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोटोवरून. ‘त्यांच्यामुळे धंदा उभा राहिला आणि त्यांनाच काढायचं?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण पाकिटाचा शेवट कुठे होतो हेही बघायला हवं. काजू संपले की पाऊच कचऱ्यात जातो, गटारात जातो, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पायाखाली येतो. देवाचं चित्र तिथे पडलेलं कुणाला आवडेल? ते दुकानात, दिव्याजवळ शोभतं. पाकिटावरून काढणं हा त्याचा अनादर नाही, उलट मान राखणं आहे. आजोबांचंही तसंच. अडीच सेंटीमीटरच्या गोलात त्यांचा चेहरा घरच्यांनाही ओळखता येत नाही. त्यापेक्षा पाकिटाच्या मागे मोठा फोटो आणि त्यांच्याबद्दल दोन ओळी द्या, लोक वाचतात. त्यांची सही किंवा हस्ताक्षर सुवाच्य असेल तर त्यावरून नावाची अक्षरं घडवता येतात. मग आजोबा लोगोतच राहतात.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र वापरण्याची इच्छा आपल्या भागात अनेकांना होते. तिथे भावनेबरोबर कायदाही आहे. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या यादीत राष्ट्रध्वज आणि शासकीय मुद्रेबरोबर महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव व चित्रही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही.

अक्षरांची गर्दी

चित्र सुटसुटीत झालं तरी अक्षरं घोटाळा करू शकतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि मधे शिरोरेषा. रोमन अक्षरं ज्या जागेत मावतात, त्याच उंचीत देवनागरी बसवली की अक्षराचं मूळ अंग बारीक होतं आणि आतल्या पोकळ्या शाईने भरतात. म्हणून देवनागरी नाव थोडं मोठं घ्या, अक्षराला सावली किंवा दुहेरी किनार देऊ नका.

नाव गोलाकार वळवणंही टाळा. शिरोरेषा सरळ चालणारी आहे. गोलात घातली की ती अक्षराअक्षराला तुटते आणि जोडाक्षरं वाकडी दिसतात.

सीमाभागात लिपीचा प्रश्न वेगळाच. गोव्यात मराठी आणि इंग्रजी, बेळगाव-खानापूरकडे कन्नडही. तिन्ही लिप्या लोगोत कोंबू नका. लोगोत एक लिपी ठेवा, बाकीची नावं पाकिटावर मजकुराच्या जागी द्या. दुकानाची पाटी हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, असा नियम आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने पाटीवर ६० टक्के कन्नड लागते. पाटी त्या-त्या राज्याप्रमाणे करा, चिन्ह सगळीकडे एकच ठेवा.

फॉन्टसाठी पैसे मोजायलाच हवेत असंही नाही. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात.

जुनी ओळख फेकू नका

सोपं करणं म्हणजे सगळं नवं करणं नव्हे. दहा वर्षं लोकांनी पिवळं पाकीट बघितलं असेल, तर पिवळा ठेवा. नाव लिहिण्याची ढब ओळखीची असेल, तर तीच स्वच्छ करून घ्या. छापून ठेवलेले पाऊच टाकून देऊ नका. संपेपर्यंत वापरा आणि नव्या खेपेला नवा लोगो आणा. पहिले काही महिने पाकिटावर ‘माल तोच, चिन्ह नवं’ एवढी ओळ असली की दुकानदाराचे प्रश्न कमी होतात.

नोंदणी आणि कागदपत्रं

लोगो पक्का झाला की ट्रेडमार्क नोंदणी करा. इथेही साधेपणाचा फायदा आहे. ‘काजू’, ‘शुद्ध’, ‘गोवा’ असे शब्द आणि सगळेच वापरतात ती चित्रं एकट्याच्या नावावर सहसा होत नाहीत. गर्दीतल्या बारा गोष्टींत तुमचं स्वतःचं काय, हे सांगणं कठीण जातं. एकच ठसठशीत आकार असला की नक्कल दाखवून देणं सोपं.

धंद्याचं मुख्य ठिकाण गोवा किंवा महाराष्ट्रात असेल तर अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. बेळगाव, निपाणी, कारवारवाल्यांचा चेन्नईच्या. ऑनलाईन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. प्रक्रिया केलेले काजूगर २९ व्या वर्गात, मसाले ३० व्या, कोकम सरबत ३२ व्या, फेणी ३३ व्या वर्गात मोडते. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. रंगांची अट न घालता नोंदणी केली तर ती सगळ्या रंगांसाठी धरली जाते, म्हणून अनेकजण काळ्या-पांढऱ्यात अर्ज करतात.

जुना लोगो आधीच नोंदवला असेल तर सावध राहा. नोंदवलेल्या चिन्हात किरकोळ बदल मान्य होतात. ओळखच बदलेल एवढी छाटणी केली तर नवा अर्ज करावा लागतो. आणि नोंदणी हाती येईपर्यंत गोलातला ‘आर’ छापू नका, त्याला कायद्याने मनाई आहे. तोवर ‘टीएम’ चालतं.

लोगो करून देणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, मूळ व्हेक्टर फाईल: सीडीआर, पीडीएफ किंवा एसव्हीजी. नुसती जेपीजी घेतली तर मोठ्या फ्लेक्सवर ती फाटते. दोन, लोगोचे सगळे हक्क तुमच्याकडे दिल्याचा सही केलेला कागद. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आले, असं धरून चालू नका.

चतुर्थीच्या आधी पाकिटांची मागणी वाढते आणि छापखान्यात रांग लागते. ज्यांना बदल करायचाय त्यांनी पावसाच्या सुरुवातीलाच यादी, कागद-पेन्सिल आणि दुकानदाराचा सल्ला एवढं उरकून घ्यावं. छपाईला उशीर झाला की पुन्हा जुनाच लोगो जातो आणि गर्दी आणखी एक वर्ष तशीच राहते.